मॅक्सी स्कूटर, एक दिवस, दोन घाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गाडी दारात लागली की कोल्हापुरात आधी हार, मग पेढे आणि मग प्रश्न. त्यात गाडी मॅक्सी स्कूटर असेल तर प्रश्नांना अंत नाही, कारण बघणाऱ्याला ती स्कूटर वाटत नाही आणि बाईकही वाटत नाही. गल्लीत, पंपावर, घाटातल्या टपरीवर पुन्हा पुन्हा तेच विचारलं जातं, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकली. माझी गाडी १५५-१६० सीसीच्या वर्गातली आहे. मॉडेल सांगत बसत नाही, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक खोडी या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांना कमी-जास्त असतात.

मॅक्सी स्कूटर म्हणजे मोठी अ‍ॅक्टिव्हाच ना?

नाही. साध्या स्कूटरला पाय ठेवायला सपाट जागा असते. इथे मधोमध उंचवटा असतो, त्यात चॅसी आणि बऱ्याच गाड्यांमध्ये पेट्रोलची टाकी. चाकं मोठी असतात. अ‍ॅक्टिव्हाला पुढे १२ इंची आणि मागे १० इंची चाक, तर यामाहा एरॉक्सला दोन्हीकडे १४ इंची आणि मागचा टायर १४० सेक्शनचा, म्हणजे १४० मिलिमीटर रुंद. काहींच्या इंजिनाला रेडिएटर असतो. पाय पुढे ताणून बसता येतं. गिअर मात्र नाहीत, बेल्टवर चालणारी सीव्हीटी आहे, म्हणजे गिअर न टाकता वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा.

हा प्रकार बाहेर जुना आहे. सुझुकीची बर्गमन १९९८ पासून आहे, यामाहाची टीमॅक्स तिच्यामागून दोन-तीन वर्षांत आली. आपल्याकडे कायनेटिकने २००६ मध्ये १६५ सीसीची ब्लेझ आणली होती, पण तेव्हा लोकांना ती पचली नाही. वेळेच्या फार आधी आली, असं माझं मत. मग २०१८ मध्ये बर्गमन स्ट्रीट १२५, २०२० च्या अखेरीस एप्रिलिया एसएक्सआर १६०, २०२१ मध्ये एरॉक्स १५५ आणि २०२५ च्या सुरुवातीला हिरोची झूम १६०. यातली बर्गमन स्ट्रीट दिसायला मॅक्सी, पण पायाशी सपाट जागा असलेली घरगुती स्कूटर आहे. घरात एकच गाडी ठेवायची असेल तर तो पर्याय आधी बघा.

एका दिवसाची चक्कर कुठली?

रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगे, कळे, असळज करत गगनबावडा. साधारण ५५ किलोमीटर. तिथून करूळ घाटाने खाली वैभववाडी, पुढे तळेरे, तिथे मुंबई–गोवा हायवे धरून नांदगाव तिठा. तिठ्यावरून देवगड–निपाणी रस्त्याला डावीकडे वळायचं, फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी, परिते, हळदी आणि घर. सगळं मिळून दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर होतात. सकाळी सहाला निघालं तर दुपारचं जेवण खाली कोकणात आणि दिवेलागणीच्या आत कोल्हापूर.

कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे होणार, होणार, हे ऐकत आमची पिढी मोठी झाली. तोवर हा रस्ता आहेच.

आधी करूळ उतरायचा आणि फोंडा चढायचा, असंच का? उलटं चालत नाही?

चालतं, पण मी करणार नाही. स्कूटरला उतार जड जातो, चढ नाही. अवघड काम सकाळी, अंग ताजं आणि ब्रेक थंड असताना उरकलेलं बरं. शिवाय दाजीपूरच्या जंगलातला पट्टा दुपारी पार होतो. इथे गवे आहेत. १९५८ साली हे अभयारण्य झालं तेच मुळी गव्यांसाठी, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत राधानगरीचंही नाव आहे. अंधारात वळणावर गवा उभा असेल तर तुमचा एलईडी दिवा कितीही भारी असो, त्याच्या काळ्या अंगावर तो दिसत नाही. दिसतात फक्त पायातले पांढरे मोजे, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. अभयारण्याच्या आत जायचं असेल तर ती वेगळी सहल ठेवा, या चक्करीत कोंबू नका.

नवी कोरी गाडी लगेच घाटात न्यावी का?

न्या, पण शोरूममधून थेट नको. पहिले शे-दीडशे किलोमीटर गावात फिरवा. नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो, तो झिजल्याशिवाय वळणावर भरवसा ठेवू नये. ब्रेकचे लायनरही बसायला वेळ घेतात. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत मूठ पूर्ण पिळायची नाही आणि एकाच वेगात तासभर चालवायची नाही. त्या दृष्टीने घाटरस्ता उलट बरा, कारण इंजिनाचा वेग सतत बदलत राहतो. घातक असतो तो सरळ हायवे आणि मागून डिवचणारा मित्र.

चढाला दम लागतो का?

एकट्याने अजिबात नाही. डबल सीट असताना फोंड्याच्या मधल्या वळणांवर थोडी कुरकुर होते, इतकंच. मूठ पिळली की आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो, हा सीव्हीटीचा स्वभाव आहे. इंजिन ताकदीच्या आरपीएमवर जाऊन बसतं आणि बेल्ट सावकाश पुल्यांवर सरकत वेग वाढवतो. बाईकवरून आलेल्याला वाटतं क्लच घसरतोय. तसं काही नसतं. मात्र ओव्हरटेक करताना हा क्षणभराचा उशीर हिशेबात धरा. ट्रकच्या मागे चिकटून अचानक बाहेर पडण्यापेक्षा थोडं अंतर ठेवून आधीच मूठ पिळायला घ्या.

एरॉक्समध्ये सहा हजार आरपीएमला व्हॉल्व्हचा कॅम बदलतो, तेव्हा आवाज जाडसर होतो आणि गाडी जरा पुढे सरसावते. हे पहिल्यांदा झालं की लोक गाडी बाजूला घेऊन काय तुटलं ते बघतात.

उताराला इंजिन ब्रेक मिळतो का? की सगळा भार ब्रेकवर?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मिळतो, पण अर्धवट, आणि तो कधी मिळतो आणि कधी नाही हे कळलं पाहिजे. मागच्या पुलीच्या बाजूला सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिन फिरलं की त्याचे शू बाहेर फेकले जातात, ड्रमला धरतात आणि चाक फिरतं. गाडी वेगात असताना मूठ सोडली तर शू धरलेलेच असतात, त्यामुळे चाक उलट इंजिनाला ओढतं आणि गाडीला थोडा रोध मिळतो. पण वेग फार कमी झाला, म्हणजे आकडा दहा-पंधराच्या खाली आला, की शू सुटतात. मग गाडी आणि इंजिन यांचा संबंध संपला. न्यूट्रलमधली सायकल झाली ती. तिथून उतारावर वेग परत वाढला तरी शू आपणहून धरत नाहीत, कारण इंजिन तर आयडलवर आहे.

करूळमध्ये नेमकं हेच होतं. केसांच्या पिनेसारख्या वळणावर तुम्ही गाडी जवळजवळ थांबवता, समोरून एसटी येते, तिला जागा देता, आणि ब्रेक सोडून पुढे निघता. गाडी सुसाट सुटते, आणि नवख्याला वाटतं ब्रेक गेले. ब्रेक ठीक असतात, क्लच सुटलेला असतो. उपाय साधा आहे: वळण संपून गाडी सरळ झाली की मूठ किंचित पिळायची, हलकासा झटका देऊन शू धरले की लगेच सोडायची. इंजिनाचा आवाज उतरत्या गाडीबरोबर बदलायला लागला की समजायचं, धरलं. दोन-चार वळणांनंतर हाताला आपोआप सवय लागते.

बाकी नियम जुनेच. ब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरायचे. मागे ड्रम असेल तर तो लांब उतारावर तापतो आणि लिव्हर आत-आत यायला लागतो. करपल्याचा वास आला की रुंद जागा बघून दहा मिनिटं थांबा. त्यावर पाणी ओतू नका. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग अजून आहेत. या गाडीवर तसं करणं म्हणजे उरलासुरला रोधही स्वतःच्या हाताने काढून टाकणं.

एबीएस आहे की!

ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी ही यंत्रणा आहे, पण या वर्गात बहुतेक ठिकाणी फक्त पुढच्या चाकाला. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे, तो एका चाकाला दिला तरी नियम पाळला जातो. मागचं चाक ओल्या पानांवर अडकून घसरू शकतं.

मागून एवढा दणका का बसतो? शॉकअब खराब आहे का?

शॉकअब ठीक आहे, रचनाच तशी आहे. स्कूटरचं इंजिन, बेल्टची पेटी आणि मागचं चाक हे सगळं एकत्र वर-खाली हलतं. बाईकमध्ये इंजिन चॅसीला पक्कं असतं, खड्ड्यात फक्त चाक आणि स्विंगआर्म हलतो. इथे एवढं वजन उडी मारून खाली येतं आणि शॉकअबला हालायला जागा थोडी. त्यात पाय पुढे ताणून बसलेले, म्हणजे बाईकसारखं फुटरेस्टवर उठून दणका गुडघ्यात घेता येत नाही. तो थेट माकडहाडात जातो.

यावर तीन गोष्टी करा. हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा, आणि पंपावरचं पोरगं अंदाजाने भरत असेल तर त्याला थांबवा. एकटे असाल तर शॉकअब मऊ खाचेवर ठेवा. आणि स्पीडब्रेकर दिसला की पाय ताणलेले असतील ते मागे घ्या, तळवे सपाट टेका आणि बूड सीटवरून किंचित हलकं करा. बालिंग्यापासून कळ्यापर्यंत ब्रेकरांचा सराव भरपूर होतो. काही रंगवलेले आहेत, काही गावकऱ्यांनी रात्रीतून घातलेले.

टाकी केवढी? वाटेत किती वेळा पेट्रोल?

हा या गाड्यांचा खरा रडका मुद्दा. एवढ्या अंगापिंडाच्या गाडीत पेट्रोल मावतं पाच-सात लिटर. लिटरला चाळीस धरले तर साडेपाच लिटरमध्ये दोनशे वीस होतात, म्हणजे ही चक्कर कागदावर जेमतेम एका टाकीत बसते. कागदावरच ठेवा. घाट आणि डबल सीट म्हटल्यावर ॲव्हरेज पडतं. कोल्हापुरातून फुल करून निघा आणि मुंबई–गोवा हायवेवर पुन्हा भरा, म्हणजे फोंडा आणि दाजीपूर निर्धास्त.

काही गाड्यांत झाकण मधल्या उंचवट्यावर, म्हणजे दोन गुडघ्यांच्या मध्ये असतं. सीट उघडायला लागत नाही ही सोय. पण पंपवाला आधी मागे जातो, मग सीटकडे बघतो, मग तुमच्याकडे. नळी सरळ आणि हळू धरायला सांगा, तोंड लहान असल्याने पेट्रोल लगेच उसळतं आणि पँटवर येतं.

डिकीत काय मावतं?

चोवीस-पंचवीस लिटरची डिकी म्हणजे रेनकोट, पंक्चरचं सामान, पाण्याची बाटली आणि कदाचित एक हेल्मेट. कदाचित अशासाठी की फुलफेस हेल्मेट आकार जुळला तरच बसतं. घेण्यापूर्वी स्वतःचं हेल्मेट शोरूमला घेऊन जा. डिकीच्या खाली इंजिन आहे, त्यामुळे घाट चढल्यावर आतलं सगळं कोमट होतं. औषधं, चॉकलेट, पॉवर बँक नको.

येताना कोकणातून फणसाचे गरे पिशवीत बांधून डिकीत टाकायचा मोह होतो. टाकू नका. गरे घरी पोचतात, पण त्या उबेत सुटलेला वास डिकीच्या अस्तरात राहतो आणि पुढे कित्येक दिवस सिग्नलला शेजारचा माणूस मान वळवून बघतो.

चावी खिशातच ठेवायची म्हणतात. काही भानगड होते का?

होते. चावी रेडिओ लहरींवर चालते, खिशात असली की नॉब फिरतो. पण गाडी एकदा चालू झाली की चावी लांब गेली तरी इंजिन सहसा चालूच राहतं. म्हणून मागे बसलेल्याच्या खिशात चावी असेल आणि तो चहाला उतरला, तर तुम्ही पेट्रोल भरून यायला निघून जाता आणि तिथे गाडी बंद केली की अडकता. दुसरं म्हणजे चावी डिकीत ठेवून सीट दाबायची नाही. आतलं नाण्याएवढं सेल मेलं तर काय करायचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. घाटात रेंज मिळेलच असं नाही.

सिग्नलला गाडी आपोआप बंद का पडते?

बंद पडत नाही, ती स्वतः थांबते. मूठ पिळली की पुन्हा चालू. ताराराणी चौकात ठीक आहे, पेट्रोल वाचतं. घाटात आणि अरुंद जागी यू-टर्न घेताना मात्र या सोयीचं बटण बंद ठेवा. आणखी एक: अशी थांबलेली गाडी बंद समजून कुणी पोराला सीटवर बसवू नये. त्याने मूठ पिळली तर ती खरंच निघते.

गॅस सिलिंडर, वैरणीचा भारा?

नाही हो. पायाशी जागाच नाही. जनावरं असलेल्या घरात ही गाडी दुसरीच असावी. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “मग एवढी रुंद केली कशाला?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागे बसणाऱ्याचं काय?

तरुणांना मजा येते, कारण मागची सीट उंच आहे आणि वाऱ्यात पुढचं दिसतं. आई, काकू यांना चढायला त्रास होतो. साडी नेसून एका बाजूला बसायची सवय असेल तर रुंद सीटवर पाय फुटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, आणि घाटात एका बाजूला बसून नेणं मला स्वतःला पटत नाही. सलवार-कमीज किंवा पँट, दोन्हीकडे पाय, हेल्मेट दोघांना. दर तासाभराने उतरा.

उतारावर उभी कशी करायची?

गिअर नाही, त्यामुळे बाईकसारखी गिअरमध्ये अडकवून ठेवता येत नाही. साइड स्टँडवर तोंड उताराकडे करून लावली तर स्टँड मिटून गाडी चालू लागते. तोंड चढाकडे, शक्य असेल तर मेन स्टँड. गगनबावड्यात गगनगडाकडे जाताना सपाट जागा मिळेपर्यंत थांबूच नका.

पंक्चर झालं, बॅटरी उतरली तर?

टायर ट्यूबलेस आहेत, पंक्चर पट्ट्या आणि छोटा पंप जवळ ठेवा. जुन्या चेतकला स्टेपनी असायची, इथे ती चैन नाही. १४० चा टायर फाटला तर लहान गावात नवा मिळण्याची आशा धरू नका. किक बहुतेक गाड्यांना नाही, आणि ढकलून ही गाडी चालू होत नाही, कारण क्लच इंजिन फिरल्यावरच धरतो. लाइट चालू ठेवून चहा पीत बसू नका, हाच उपाय.

कुठल्या महिन्यात जावं?

पावसाळ्यात गगनबावडा देखणा असतो हे खरं, पण कुंभीला पाणी आलं की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि वाहतूक थांबते. घाटात दरडी येतात, धुक्यात समोरचं वळण दिसत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली असेल तर परतीचा भोगावतीकाठचा रस्ताही विचारून घ्या. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होता. आजही पावसात निघण्याआधी तो सुरू आहे का, हे बघून निघावं.

ऑक्टोबरचा शेवट सगळ्यात छान. त्यानंतर ऊस सुरू होतो. परिते, असळज भागात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, वळणावर पडलेली कांडी, आणि चाकाखाली चिरडून झालेला चिकट राडा. त्यावर रुंद टायरसुद्धा घसरतो. रात्री तर ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही, म्हणून अंधाराच्या आत घर गाठा असं वर म्हटलंय.

लायसन्स कुठलं लागतं?

विनागियरचं चालतं, वय अठरा पूर्ण. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंत, तेव्हा अकरावीतल्या चिरंजीवांना दीडशे सीसी देऊ नका.

या पैशात चांगली बाईक येते. मग ही का?

येते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दोन्ही स्वस्त झाल्या आणि वाद तसाच राहिला. महाद्वार रोडच्या गर्दीत क्लच दाबून ज्याचा डावा हात दुखतो आणि रविवारी ज्याला घाटात जायचंय, त्याला ही गाडी. दिवसभर खराब रस्त्यावर जायचं असेल किंवा घरात सामान आणणारी दुसरी गाडी नसेल, तर घेऊ नका. मला विचाराल तर रस्ता चांगला असेल तिथे हिच्याइतकं आरामात बाईकवर जाता येत नाही, आणि खराब असेल तिथे हिच्याइतकं कुणी हाल करत नाही.

चक्कर मारून आल्यावर काय बघायचं?

रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि पाचट अडकतं, ते साध्या पाण्याने हळू धुवा. प्रेशरचा फवारा जवळून मारला तर जाळीचे पत्रे वाकतात. मागचा ब्रेक सैल झालाय का बघा, ड्रमवाल्या गाडीत नट फिरवून ताणता येतो. टायरमध्ये खडा, काच अडकली असेल तर काढा. पहिलं सर्व्हिसिंग जवळ आलं असेल तर इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही बदलायला सांगा. ते वेगळं असतं, मागच्या चाकाजवळच्या पेटीत, आणि न सांगता राहून जाणारी हीच एक वस्तू. बिलावर दोन्ही तेलं लिहिलेली आहेत का ते तिथेच उभं राहून बघा.